बिनसिमचा फोन

आमच्या घरात एक फोन असा आहे की, त्यावर कुणाचाही फोन येत नाही. त्याला नंबरच नाही. त्यामुळे कर्ज देऊ करणाऱ्या गोड आवाजाच्या मुलींना तो ठाऊक नाही, माझ्या शाळेला ठाऊक नाही, आणि सकाळी उठल्याबरोबर गुलाबाच्या चित्रावर सुविचार छापून पाठवणाऱ्या आमच्या नातेवाइकांनाही त्याचा पत्ता अजून लागलेला नाही. त्याच्या काचेला एका कोपऱ्यापासून तडा गेला आहे. पाठीवरचा रंग उडाला आहे. सकाळी चार्जिंगला लावला नाही तर दिवेलागणीला तो मान टाकतो. असे असूनही घरातल्या चार फोनांत खरा मान आहे तो यालाच. बाकीचे तिघे सारखे हाका मारतात, हा फक्त गातो.

हा फोन मूळचा माझ्या मुलाचा. तीन वर्षांपूर्वी त्याने नवा घेतला, तेव्हा जुना देऊन किंमत थोडी कमी करून घ्यावी म्हणून मी त्याच्याबरोबर दुकानात गेले. दुकानदाराने काचेचा तडा पाहिला, फोन तळहातावर दोनदा उलटासुलटा केला आणि म्हणाला, “पाचशे देतो, बाई.” बोहारणीने जरीच्या साडीवर एक वाटी देऊ करावी, तसा त्याचा चेहरा होता. मी फोन पिशवीत टाकला आणि घरी आणला. माझे सासरे जाऊन तेव्हा वर्ष होत आले होते. सासूबाई दुपारच्या वेळी खिडकीशी नुसत्या बसून असत. डोळ्यांमुळे वाचन सुटलेले, टीव्हीवरच्या भांडणांचा कंटाळा. त्यांना गाणी ऐकता यावीत, एवढाच माझा हेतू होता.

मुलाने सुईने टोचून सिमकार्डाचा कप्पा बाहेर काढला, त्यातले सिम काढून घेतले आणि शेजारच्या खाचेत एक मेमरी कार्ड बसवले. हे कार्ड म्हणजे 15 मिलिमीटर लांब आणि 11 मिलिमीटर रुंद अशी एक काळी चकती. खाली पडली तर केरात जाईल. पण तिच्यात सासऱ्यांच्या कपाटातल्या सत्तर-एक सीडी मावल्या, सांगलीच्या एका बंद होऊ घातलेल्या दुकानातून मी आणलेल्या आणखी वीस-पंचवीस मावल्या, आणि तरीही तीन चतुर्थांश जागा रिकामीच राहिली. अकराशेच्या आसपास गाणी झाली. ज्या कपाटात ती आधी राहत होती त्यात आता माझ्या शाळेच्या वह्या राहतात.

कुणी विचारील, हा एवढा खटाटोप कशाला? आता तर बोट लावले की जगातले हवे ते गाणे ऐकता येते. खरे आहे. पण ती गाणी भाड्याच्या खोलीसारखी असतात. वर्गणी संपली की आपण उतरवून ठेवलेले गाणेही मुके होते. काही ठिकाणी तर वर्गणी चालू असूनही महिन्यातून एकदा फोनला इंटरनेटचे दर्शन घडवून आणावे लागते, नाहीतर तो गात नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला हे कोण समजावून सांगणार? कार्डावरचे गाणे आपले असते. ते कुणाला विचारून वाजत नाही.

आपल्या गावांत फोनवर गाणी आली तीही अशा कार्डातूनच. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी स्टँडजवळच्या मोबाइल दुरुस्तीच्या टपऱ्यांवर ‘गाणी भरून मिळतील’ अशी पाटी हमखास असे. पिठाच्या गिरणीत डबा ठेवून यावा, तसे लोक कार्ड ठेवून भाजी आणायला जात. वीस-तीस रुपयांत दोन जीबीचे कार्ड भरून मिळे. पाचशेच्या आसपास गाणी. कुठली भरायची ते बहुधा टपरीवाला पोरगाच ठरवी. थोडी भक्तिगीते, थोडी जुनी हिंदी, थोडी लग्नाच्या वरातीतली. कायद्याने पाहिले तर हा व्यवहार चोरीचाच होता. गाणाऱ्याच्या पदरात त्यातला छदाम पडत नसे. 2016 नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि त्या पाट्या उतरल्या. पण शेताच्या बांधावर, उसाच्या ट्रॅक्टरवर, भाजीच्या गाड्यावर स्वतःच्या मालकीचे गाणे पहिल्यांदा पोचवले ते त्या टपऱ्यांनी, हे मान्य केले पाहिजे.

सिम काढून टाकण्याची कल्पना मुलाची. तो म्हणाला, “आजी ऐकत असताना मध्येच रिंग वाजली तर ती घाबरेल.” मला त्याचे म्हणणे पटले, आणि पुढे जसजसा विचार केला तसतसे अधिकच पटत गेले. ज्या यंत्रातून गाणे येते त्यातूनच बँकेचा निरोप, शाळेची सूचना आणि नणंदेची तक्रार येणार असेल, तर मनुष्य गाणे ऐकत नाही, गाणे कधी मोडते याची वाट पाहत बसतो. अस्ताईवरून अंतऱ्याकडे सूर वळत असतानाच ‘टिंग’ असे वाजते, आणि आपले अर्धे मन उठून दारात जाऊन उभे राहते. बायकांना तर या उठून जाण्याची सवय इतकी जुनी आहे की, कुणी हाक मारली नाही तरी त्यांचा एक पाय उंबऱ्याकडेच असतो.

गंमत अशी की, टेलिफोनवर गाणे ऐकायची कल्पना टेलिफोनच्या बाळपणातलीच आहे. 1881 साली पॅरिसला विजेच्या यंत्रांचे एक मोठे प्रदर्शन भरले होते. तिथे क्लेमाँ आदेर नावाच्या इंजिनिअराने ऑपेरागृहाच्या रंगमंचावर ध्वनिग्राहक बसवून तिथले गाणे तारेने प्रदर्शनाच्या दालनात आणून सोडले. लोक दोन कानांना दोन कर्णे लावून रांगेने ऐकत. पुढे 1890 मध्ये त्याची रीतसर कंपनी निघाली आणि ती 1932 पर्यंत चालली. कादंबरीकार मार्सेल प्रूस्त आजारपणामुळे फारसा बाहेर पडत नसे. 1911 साली तो या सेवेचा वर्गणीदार झाला आणि घरात राहून ऑपेरा ऐकू लागला. या तारेवर कुणी ‘हॅलो’ म्हणत नसे. तेव्हा आमच्या फोनचे सिम काढले म्हणजे त्याच्यावर अन्याय केला असे कुणी समजू नये. त्याला त्याच्या घराण्याच्या जुन्या वळणावर नेऊन बसवले, इतकेच.

पण मला सांगायचे आहे ते फोनबद्दल नाही, बटणाबद्दल.

आमचे सासरे रेल्वेत होते. मिरज जंक्शनवर त्यांची सारी नोकरी झाली. 1966 साली त्यांचे लग्न झाले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनी वाल्व्हचा रेडिओ घेतला. त्या काळी रेडिओ ठेवायला परवाना लागे. दर वर्षी पोस्टात पैसे भरावे लागत. परवाना अर्थातच घरधन्याच्या नावावर. रेडिओ भिंतीतल्या वरच्या फळीवर असे. मुलांचे हात लागू नयेत म्हणून ही उंची होती असे सगळे सांगतात, पण सासूबाईही काही उंच नाहीत. कामावरून आले, हातपाय धुतले, चहा घेतला की सासरे फळीपाशी जात आणि खुंटी फिरवत. बातम्या, नाट्यसंगीत, रात्री शास्त्रीय गायन. बालगंधर्वांवर त्यांची भक्ती होती. एखादे पद लागले की सासूबाईंना स्वयंपाकघरातून बोलावून घेत, “अगं, ऐक, ऐक,” म्हणत. त्यात प्रेमच होते. आपल्याला मिळालेला घास दुसऱ्याला भरवावा, तसे. लावणी लागली तर मात्र, “हे घरात नको,” असे म्हणून खुंटी पुढे सरके. त्यांनी कधी आवाज चढवला नाही. चढवायची वेळच आली नाही.

आकाशवाणीवर ‘आपली आवड’ नावाचा कार्यक्रम असे. माझ्या पिढीपर्यंतच्या लोकांना त्याबद्दल काही सांगायला नको. श्रोत्यांनी पत्रे धाडायची, निवेदिकेने नावे वाचायची आणि मग गाणे लावायचे. सासूबाईंनी मला एकदा सांगितले की, त्यांनीही एक कार्ड लिहिले होते. मुले लहान होती तेव्हा. सासरेच ते पोस्टात टाकणार होते, म्हणून त्यांनी वाचून पाहिले, गाणे बदलले, नाव आपले घातले आणि पुढे ‘आणि परिवार’ असे लिहिले. कार्ड लागले. गाव, नाव, ‘आणि परिवार’ असे रेडिओवरून ऐकू आले, तेव्हा शेजारच्या बायका अभिनंदन करायला आल्या. “मी सगळ्यांना चहा केला,” असे सासूबाई सांगतात. तक्रार म्हणून नव्हे. घडले तसे सांगतात.

तर अशा बाईच्या हातात मी तो फोन दिला.

पहिले दोन महिने त्यांनी काचेला बोट लावले नाही. “लाव तुला काय हवं ते,” असे म्हणत. मी गाणी कशीही मिसळून लावून देई आणि फोन एका रिकाम्या स्टीलच्या पातेल्यात ठेवी. पातेल्यात ठेवला की त्याचा किरटा आवाज जरा भरदार होतो, ही युक्ती घरोघरी ठाऊक आहे. पण वय झाले की बारीक, उंच सूर कानाला लागेनासे होतात, आणि पातेल्यातून शब्द घुमत. म्हणून मी वायरीचे इअरफोन आणले. त्या वायरीवर हरभऱ्याएवढे एक बटण असते. एकदा दाबले की गाणे थांबते, पुन्हा दाबले की सुरू होते. एवढे मी त्यांना शिकवले. दारावरची घंटा ऐकू यावी म्हणून त्या एकच बोंडूक कानात घालत; दुसरे छातीवर लोंबत असे. दुपारी मी शाळेतून येई, जेवण करून त्यांच्याशेजारी निवडायला-टिपायला बसे, आणि ते दुसरे बोंडूक त्या माझ्याकडे सरकवत. अशा रीतीने एका वायरीला दोघी बांधलेल्या, लसूण सोलत बसलेल्या.

एके दिवशी नाट्यपद लागले. सासऱ्यांचे फार आवडते. तानपुरा झंकारला, ऑर्गनचा सूर आला, गायकाने तोंड उघडले मात्र, आणि कट्‌कट् असे दोनदा वाजले. पद नाहीसे होऊन भलतेच कसले तरी गाणे सुरू झाले. मला वाटले, लसणाच्या हाताने बटण दाबले गेले असेल. दुसऱ्या दिवशी तेच पद आले आणि पुन्हा कट्‌कट्. दोनदा दाबले की पुढचे गाणे येते, हे त्यांना मी शिकवले नव्हते. नातवाने शिकवले असावे.

“आई, ते पद गेलं. मागे घेऊ का?” मी विचारले.

“गेलं नाही गं. मी घालवलं.”

“बाबांचं किती आवडतं ते!”

“हो. त्यांचं फार आवडतं.” त्यांनी एक पाकळी सोलून वाटीत टाकली. “पन्नासाच्या वर वर्षं ऐकलं की मी.”

“म्हणजे तुम्हाला आवडत नाही?”

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की, जणू मी बालवर्गातल्या मुलाला त्याच्या बापाचा पगार विचारला होता. मग म्हणाल्या, “मला ती टांग्याची गाणी आवडतात. आहेत का तुझ्याकडे?”

टांग्याची गाणी म्हणजे ओ. पी. नय्यर यांची. ‘नया दौर’ 1957 सालचा. त्या वेळी सासूबाई तासगावात दहा वर्षांच्या होत्या आणि माहेरच्या घरासमोर एक हॉटेल होते. केसकर नभोवाणीमंत्री असताना आकाशवाणीने सिनेमाच्या गाण्यांशी अबोला धरलेला. म्हणून सगळा देश सिलोनकडे कान लावून बसे. 1952 मध्ये सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ बुधवारी रात्री त्या हॉटेलात लागे, आणि ही मुलगी अंधाऱ्या ओटीवर बसून ऐके. विविधभारती 1957 च्या ऑक्टोबरात सुरू झाली, पण तिच्या कानाची आवड तोवर ठरून गेली होती. नय्यर यांच्याकडे लता मंगेशकर कधीही गायल्या नाहीत, हे त्यांना पाठ आहे. त्यांच्याकडे गीता दत्त कशी गायली, आशा भोसले कशी गायली, शमशाद बेगमचा आवाज कसा ‘पितळी घागरीसारखा’ आहे, हे त्यांनी त्या दुपारी मला सांगितले. आमच्या लग्नाला तेवीस वर्षे झाली. तेवीस वर्षांत त्यांच्या तोंडून मी गाण्याबद्दल एक अक्षर ऐकले नव्हते.

आठवड्याभराने त्यांनी दुसरी मागणी केली. जरा इकडेतिकडे पाहून. “सुलोचना चव्हाण मिळेल का गं?”

मी मुलाकडून लावण्या भरून घेतल्या. सुलोचनाबाई 2022 च्या डिसेंबरात गेल्या. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. त्या डोक्यावर पदर घेऊन बैठकीत लावणी गात. आमच्या सासूबाईही आता डोक्यावर पदर घेऊन, कानात बोंडूक घालून, खिडकीशी बसून ती लावणी ऐकतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटते, आजींचा हरिपाठ चालला आहे.

माझ्या मुलाने मला या गाण्यांच्या फाइलींची एक गोष्ट सांगितली, ती माझ्या मनातून जात नाही. सीडीवर तीन मिनिटांच्या गाण्याला तीस एमबी जागा लागते. तेच गाणे एमपी-थ्री केले की तीन एमबीत बसते. हे तंत्र जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधकांच्या मेहनतीचे. ‘एमपी-थ्री’ हे फाइलीचे नाव 1995 साली ठरले. दहातले नऊ भाग जातात कुठे? तर माणसाच्या कानाचा एक स्वभाव आहे. मोठा आवाज चालू असला की त्याच्या लगतचा लहान आवाज कानाला ऐकूच येत नाही. तो तिथे असतो, पण झाकला जातो. मग न ऐकू येणारा आवाज साठवून तरी काय करायचे? म्हणून तो टाकून देतात किंवा अगदी थोडक्यात उरकतात, आणि ऐकणाऱ्याला काही कमी झाल्यासारखे वाटत नाही.

मी हे ऐकले तेव्हा भाकरी थापत होते. मला वाटले, हे काही जर्मनीतच सापडलेले नाही. एका घरात एक ठाम आवड असली की तिच्या लगतच्या आवडी अशाच ऐकू येईनाशा होतात. कुणी त्यांना दडपत नाही. कुणी दुष्ट नसतो. त्या असतात, पण झाकल्या जातात. आणि कुटुंबाचे गाणे दहापट लहान जागेत अगदी व्यवस्थित बसते.

आमच्या शिक्षकांच्या खोलीत अधूनमधून एक चर्चा होते. एखादे गुरुजी म्हणतात, पूर्वी सगळे घर एका रेडिओभोवती बसून ऐकायचे. आता प्रत्येकाच्या कानात आपापले बोंडूक, कुणाचा कुणाला मेळ नाही. मग सगळे हळहळतात. पूर्वी मीही माना डोलावणाऱ्यांत असे. आता मी विचारते, त्या रेडिओची खुंटी कुणाच्या हातात होती? एकत्र बसणे खरे होते. एकत्र निवडणे मात्र नव्हते.

ही हळहळ यंत्र बनवणाऱ्यांनाही वाटली होती. सोनी कंपनीचा वॉकमन 1 जुलै 1979 रोजी जपानात विक्रीला आला. कंपनीचे अकिओ मोरिता यांना धास्ती होती की, माणसाने एकट्यानेच गाणे ऐकणे असभ्य दिसेल. म्हणून पहिल्या वॉकमनला दोघांसाठी दोन भोके ठेवली होती, आणि गाणे ऐकता ऐकता एकमेकांशी बोलता यावे म्हणून एक नारिंगी बटणही होते. लोकांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. पुढच्या वॉकमनमधून ते बटण गेले. लोकांना दोघांत ऐकण्याची सोय नको होती. त्यांना एकट्याने ऐकायचे होते. मोरितांना यात असभ्यपणा दिसला असता. मला त्यात कित्येक वर्षांची तहान दिसते.

कारण एकांत ही वस्तू सगळ्यांना सारखी वाटलेली नाही. दोन खोल्यांच्या घरात पुरुषाला एकांत हवा असला तर तो चौकात जातो, नदीवर जातो, निदान वर्तमानपत्र तोंडासमोर धरतो. बाईने तोंडासमोर काय धरावे? मी दहावी झाले 1996 साली. पुढे शिकणे झाले नाही. शाळेत बालवर्गाला शिकवते आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. ‘उरलेला वेळ’ हा शब्द मी सवयीने वापरला. असा वेळ घरात कुणी मला उरवून दिलेला नाही. पहिली कादंबरी मी रात्री अकराच्या पुढे लिहिली. दुसरी मात्र भर संध्याकाळी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कुकरच्या शिट्या मोजत लिहिली, आणि ते साधले कानातल्या बोंडकांमुळे. गाणे लावले तर त्यातले शब्द माझ्या वाक्यांत घुसतात. म्हणून मी नुसता तानपुरा लावते. फोनमध्ये तानपुऱ्याचे ॲप असते. पंचम, दोन जोडीचे षड्ज आणि खर्ज, एवढेच पुन्हा पुन्हा. तेवढा एक पडदा पुरतो. आणि घरातल्यांचाही असा काही चमत्कारिक समज असतो की, नुसती लिहीत बसलेली बाई रिकामी असते, पण कानात काही घातलेली बाई कामात असते. मला कुणी हाक मारत नाही.

हे मी मिरजेत बसून लिहिते आहे, याची मला जाणीव आहे. आमच्या सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या तानपुरे घडतात. पंढरपूरकडून भोपळे येतात, ते वाळवतात, कापतात, दांडी जोडतात, आणि शेवटी घोडीवर जवारी लावताना कारागीर तासन्‌तास एका तारेला कान देऊन बसतो. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. अब्दुल करीम खाँसाहेबांनी ज्या गावात घर केले ते हे गाव. तिथल्या बाईने फोनमधला तानपुरा ऐकावा हे शोभत नाही, असे कुणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. खऱ्या तानपुऱ्याशेजारी बसले की मांडीला, हाडाला जे कळते ते या बोंडकातून कळत नाही. पण खरा तानपुरा स्वयंपाकघराच्या टेबलावर मावत नाही, आणि तो वाजू लागला की सगळे घर त्याच्याभोवती जमेल. मला नेमके तेच नको असते.

काही गोष्टी गेल्या, हे मी नाकारत नाही. गाण्याची वाट पाहणे गेले. आता पुढे काय लागणार, हे न कळण्यात जी मजा होती ती बरीचशी गेली. सासूबाई स्वतःच कधी कधी म्हणतात, “रेडिओ लाव. तिथं माणूस बोलतं.” या जुन्या फोनमध्ये एफएम रेडिओ आहे, पण वायर जोडल्याशिवाय तो बोलत नाही, कानातली वायर हीच त्याची एरियल. नव्या फोनांतून वायरीचे भोकच नाहीसे होत चालले आहे, तेव्हा ही सोयही फार दिवस राहायची नाही. रस्त्याने कानात बोंडके घालून चालणारी पोरे पाहिली की माझा जीव खालीवर होतो. आणि दोन बोंडकांची वायर गेली, प्रत्येकाच्या कानात सुटे मणी आले, म्हणजे लसूण सोलताना दुसरे बोंडूक माझ्याकडे सरकवायला सासूबाईंना उठावे लागेल. तेवढ्यासाठी त्या उठतील की नाही, मला सांगता येत नाही. पण आज त्या ते सरकवतात, आणि मला आवडणार नाही असे गाणे असेल तर सरकवत नाहीत. साऱ्या घराने मिळून रेडिओ ऐकला तेव्हा एवढी विचारपूस कुणी केली होती?

यंदा सासऱ्यांच्या श्राद्धाच्या दिवशी पाने वाढून झाली, पाहुणे जेवून गेले, आणि उन्हे उतरल्यावर सासूबाई खिडकीशी येऊन बसल्या. मी भांडी विसळत होते. त्यांनी मला हाक मारून फोन मागितला. चष्मा लावला, बोटाने काच खाली खाली सरकवत बराच वेळ काहीतरी शोधले. मग इअरफोनची वायर काढून बाजूला ठेवली आणि फोन पातेल्यात ठेवला. नाट्यपद सुरू झाले. तेच. पहिल्या तानपुऱ्यापासून शेवटच्या टाळ्यांपर्यंत त्यांनी ते पुरे ऐकले. मधे एके ठिकाणी, जिथे सासरे हात वर करून “वा!” म्हणत, तिथे त्यांचाही हात मांडीवरून थोडा उचलला गेला.

“लावलंत आज,” मी म्हणाले.

“आज लावावंसं वाटलं,” त्या म्हणाल्या, आणि वायर पुन्हा जोडू लागल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पद आपल्या क्रमाने पुन्हा आले. कट्‌कट्. पुढे टांगा लागला.